साठावा माणूस

चौदा नंबरच्या खोलीचा दरवाजा नुसत्या हाताने उघडत नाही. मूठ फिरवायची, जरा वर उचलायची आणि खालून गुडघ्याने ढकलायचं, मग तो कुरकुरत वाट देतो. मानसशास्त्र विभागात वर्षं काढलेल्या माणसालाच हे ठाऊक.

त्या मंगळवारी एक माणूस त्या दरवाजाशी झटत होता. एका हातात ओली छत्री, दुसऱ्यात आमच्या विभागाचं पत्र. मी मागून आले आणि सवयीने मूठ फिरवून गुडघा मारला. दरवाजा उघडला… आणि मग मला आठवलं, की मला हे येता कामा नये.

"चौदा नंबर हीच ना?" त्याने विचारलं.

"असावी… मीही पहिल्यांदाच येतेय."

त्याच्याशी बोललेलं माझं पहिलंच वाक्य खोटं निघालं. देव साक्षी आहे, मला खोटं बोलायची हौस नव्हती. माझं कामच ते होतं.

हा काय प्रकार, ते आधी सांगते. माझ्या प्रबंधाचा प्रश्न साधा होता: दुसऱ्याला धीर देणारा माणूस स्वतः किती धीर धरतो? त्यासाठी बाहेरची साठ माणसं बोलवायची, प्रत्येकाने तीन मंगळवार यायचं. त्यांना वाटायचं की प्रयोग आतल्या खोलीत आहे, जिथे एक कोडं सोडवायला देतात. ते कोडं कधीच सुटत नाही. माणूस त्याला किती मिनिटं चिकटून राहतो, एवढंच आम्ही मोजायचो. पण खरा प्रयोग बाहेरच, वाट बघायच्या बाकावर सुरू झालेला असायचा. शेजारी बसलेली बाई, म्हणजे मी, आपणही बोलावण्यावरून आलोय असं भासवायची आणि दर वेळी ठरलेली सात वाक्यं बोलायची. मुलाखत आहे, धास्ती वाटते, ऐनवेळी आवाज बसतो… वगैरे. समोरचा काय करतो ते भिंतीवरच्या, मागून आरपार दिसणाऱ्या आरशाआड बसून ताई टिपून घ्यायची. ताई म्हणजे माझी सिनियर. तिची पेन्सिल आणि जीभ, दोन्ही सारख्याच टोकदार.

नियम माझ्याच हाताने लिहिलेले होते. सात वाक्यांपलीकडे बोलायचं नाही. ज्याचा कागद प्रबंधात आहे, त्याच्याशी प्रबंध मंजूर होईपर्यंत बाहेर ओळख ठेवायची नाही. आणि सहभागी माणसाला संशय आला, किंवा माझं चुकलं, तर तो कागद बाद.

एकोणसाठ जण झाले होते. कुणी धीर दिला, कुणी वर्तमानपत्रात डोकं खुपसलं, एका मास्तरांनी मला मिठाच्या गुळण्या सांगितल्या. आता हा साठावा. महिनाअखेर प्रबंध द्यायचा होता. एक कागद जरी कमी पडला तरी मुदत सहा महिने पुढे, आणि माझ्या मार्गदर्शक मॅडमनी दोनदा बजावलं होतं की आता कारणं नकोत.

साठाव्याचं काम होतं कमी ऐकू येणाऱ्या लोकांना यंत्रं बसवून देण्याचं. ऐकताना तो मान किंचित डावीकडे झुकवायचा आणि मग हलायचाच नाही. माझ्या बसणाऱ्या आवाजाबद्दल ऐकून त्याने सल्ला दिला नाही की समजूत घातली नाही. उठून माठातलं पाणी आणलं आणि पेला माझ्या बाजूला सरकवला. पेल्याला त्याच्या बोटांचा ओलावा होता… मी तो उगाचच दोन्ही हातांत धरून बसले.

"या खान्यात 'पाणी दिलं' लिहू की 'पाणी दिलं आणि तुझं पाणी पाणी झालं' लिहू?" ताईने नंतर विचारलं. मी तिला गप्प बस म्हटलं, आणि हसू काही आवरलं नाही.

दुसऱ्या मंगळवारी मी माझी वाक्यं सुरू केली. तिसऱ्यावर त्याने अडवलं. आवाज बसतो तो अनोळखी माणसांपुढे, की घरीही?

माझ्या यादीत याला उत्तर नव्हतं. मी गप्प बसायला हवं होतं. पण त्याची मान झुकलेली होती, खिडकीच्या पत्र्यावर पाऊस हलकेच वाजत होता, आणि माझ्या तोंडून बाबा बाहेर पडले. दोन वर्षांपासून त्यांना ऐकू येत नाही. यंत्राचं नाव काढलं की चिडतात. घरात आम्ही सगळे ओरडून बोलतो: जेवायला चला, औषध घेतलं का.

"पण मायेचं काही ओरडून नाही बोलता येत," मी म्हणाले. "ते राहूनच जातं."

तो म्हणाला, यंत्र बसवल्यावर माणसं पहिल्यांदा काय मागतात ठाऊक आहे? कुणीतरी हळू बोलावं, एवढंच.

तो आत कोड्याला गेला आणि मी आरशामागे आले. ताईने मला तिचा कागद दाखवला. सहाव्या मिनिटानंतरचे खाने कोरे होते. ती म्हणाली, हे मी लिहिणार नाही. तुझा प्रबंध, तुझी जीभ. काय लिहायचं ते तू ठरव.

आठवडाभर मी काहीच ठरवलं नाही. आई संध्याकाळी प्रार्थनेला बसली की मीही शेजारी बसायचे आणि मनात म्हणायचे, आता तूच काय ते बघ. चौथ्या दिवशी मलाच कळलं की हे काम देवाच्या गळ्यात घालण्यासारखं नाही. खाना माझा होता.

तिसऱ्या मंगळवारी मी सातही वाक्यं एका दमात म्हणून टाकली, शाळेतल्या कवितेसारखी. तो नुसता ऐकत राहिला. मग आत जाऊन कोड्यापुढे बसला तो एकेचाळीस मिनिटं. साठ जणांत एवढं कुणीच टिकलं नव्हतं. माझा प्रश्न, माझं उत्तर, सगळं त्या एकेचाळीसमध्ये कसं फिट बसत होतं. ताईने घड्याळ थांबवलं आणि माझ्याकडे न बघता शेवटची चौकशी करायला आत गेली.

मी काचेमागे एकटी, पुढ्यात त्याचा कागद. तो नुसता ठेवून दिला असता तर साठ पुरे होत होते. कुणालाही कळलं नसतं. पण मग दुसऱ्या मंगळवारची ती कोऱ्या खान्यांतली मिनिटं कधी घडलीच नाहीत, असं मलाच मानावं लागलं असतं. आणि तेवढंच तर त्या खोलीत मी खरं बोलले होते.

मी पेन उचललं. 'बाद करण्याचं कारण' या रेघेवर लिहिलं: संशोधिका ठरलेलं सोडून स्वतःचं बोलली.

तेव्हाच आतून ताईचा आवाज आला. ती शेवटचा प्रश्न वाचत होती: या काळात तुम्हाला कशाची शंका आली होती का?

त्याने उलट विचारलं, "हो म्हटलं, तर बाहेरच्या त्या बाईंचं नुकसान होईल का?"

"ते मला सांगता येणार नाही."

तो म्हणाला, "पहिल्याच दिवशी आली. पहिल्यांदा येणारं माणूस त्या दरवाजाला गुडघा मारत नाही. शिवाय मी दिवसभर लोकांचं ऐकणं तपासताना एकाच सुरात शब्द वाचतो… पाठ केलेलं मला लगेच ऐकू येतं. फक्त वडिलांविषयी त्या बोलल्या, ते पाठ केलेलं नव्हतं."

आमच्या विभागात एक पद्धत आहे. दोघांनी एकमेकांना न विचारता टिपण करायचं, आणि ते जुळलं तरच खरं धरायचं. माझ्या पेनची शाई अजून ओली होती.

मॅडमनी कागद वाचला, चष्मा काढला, परत लावला. म्हणाल्या, एका माणसापायी सहा महिने. मी म्हटलं, हो मॅडम. त्या खाली बघून सही करता करता पुटपुटल्या, दरवाजा तरी दुरुस्त करून घ्या आता.

मी परतले तेव्हा तो बाकावरच बसला होता. ताईने त्याला नियमांसकट सगळं समजावलं होतं. मी बाद झालेला कागद त्याच्यापुढे धरला. माझी ओळ त्याने दोनदा वाचली.

"म्हणजे मी आता तुमच्या प्रबंधात नाही."

"नाही."

"मग तो ओळख न ठेवायचा नियमही…"

"तोही नाही."

ताई आरशामागचं सामान आवरते म्हणून निघून गेली. एवढं सामान तिथे कधीच नव्हतं.

"सात वाक्यं मला पाठ झाली आहेत," तो म्हणाला. "आठवं सांगा."

आणि काय सांगू, एकोणसाठ माणसांपुढे मी जे खोटं सांगत आले, ते अगदी खरं होऊन समोर आलं. माझा आवाज बसला. ओठ हलले, शब्द येईना. त्याने मान डावीकडे झुकवली आणि वाट बघत राहिला. घाई नव्हती त्याला. सुटत नसलेल्या कोड्यापुढे एकेचाळीस मिनिटं बसलेला माणूस तो.

"घरी याल?" शेवटी मी म्हणाले, अगदी हळू. "बाबांसाठी… आणि माझ्यासाठीही."

आरशामागून पेन्सिलीची टकटक झाली. "अगं मोठ्याने बोल की, मला काही ऐकू आलं नाही."

"मला आलं," तो म्हणाला.