उसनं नाक

हंसामावशीच्या टपरीवर त्या दिवशी दूध करपलं होतं. ग्लास तोंडाशी नेतानाच मला कळलं. शेजारच्या दोन ड्रायव्हरांनीही तोंड वाकडं करून चहा चिखलात ओतला. मावशी ओशाळली. "थांबा, कोरा करून देते. पानी उकळतंच आहे," म्हणाली.

बाकाच्या टोकाला बसलेला तो मात्र शांतपणे पीत होता. शेवटच्या घोटापर्यंत. ग्लास खाली ठेवून वर म्हणाला, "मावशी, मस्त."

मला हसू आवरेना. "अहो, करपलेला होता तो."

त्यानं माझ्याकडे पाहिलं… आणि त्याचा चेहरा उतरला. आजूबाजूला कुणी ऐकलं का, हे त्यानं आधी पाहिलं. मग छत्री न उघडताच भर पावसात रस्ता ओलांडून समोरच्या गोदामात शिरला.

कामणच्या त्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना गोदामंच आहेत. त्यातल्या एका मसाल्याच्या गोदामात मी माल तपासते — जिरं, धणे, मिरी. ओल धरलीय का, जुना माल मिसळलाय का, हे माझ्या नाकाला आधी कळतं आणि यंत्राला नंतर. समोर पाइपचा तंबाखू मिसळून डब्यांत भरतात, एवढंच मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी तो आमच्या फाटकाशी उभा होता.

"काल तुम्ही… कुणाला सांगितलं नाहीत ना?"

"काय?"

"चहाचं."

त्याचं नाव धवल. विरारला राहायचा. तंबाखूची चव घेणं हेच त्याचं काम होतं. नवा माल जुन्या नमुन्याशी जुळतो का, हे तो ठरवायचा. आणि जुलैत त्याला ताप आला होता. ताप गेला, जाताना वास घेऊन गेला.

"चाळीस दिवस झाले. डॉक्टर म्हणतात, येईल. कधी, ते सांगत नाहीत."

"मालकांना सांगितलंत?"

"हरेशभाई येईल-जाईल त्याला सांगतात, आमचा धंदा धवलच्या नाकावर चालतो म्हणून." तो हसायला गेला, पण हसू आलं नाही. "तुम्हाला वास कळतो, असं मावशी म्हणाल्या. आठवडाभर… फक्त आठवडाभर मला मदत कराल?"

नाही म्हणायला हवं होतं. हे सरळ सरळ खोटं होतं आणि मला ते दिसत होतं. पण करपलेला चहा शेवटच्या घोटापर्यंत पिणारा तो मला आठवला. मी हो म्हटलं.

जेवणाच्या सुट्टीत आम्ही टपरीच्या मागच्या बाकावर बसायचो. तो पिशवीतून तंबाखूच्या लहान लहान बरण्या काढायचा. पहिल्या दिवशी तीनच होत्या.

"सुकलेला पेंढा," मी पहिली हुंगून म्हटलं. "आणि मोसंबीची साल."

"व्हर्जिनिया." त्यानं डोळे मिटून घेतले होते. "ही?"

"होळीच्या दुसऱ्या दिवशीचं अंगण. आणि… चपलांचं नवं दुकान."

"लटाकिया. पानं धुरावर सुकवतात. पुस्तकात चामडं म्हणतात, पण चपलांचं दुकान जास्त बरोबर आहे."

तिसरीत आंबूस अंजिरं होती आणि नाकात झोंबणारी मिरी. "पेरीक," तो म्हणाला आणि नव्या-जुन्या मिश्रणाच्या दोन पुड्याही पुढे केल्या. "ही जरा जास्त पडली की सगळं बिघडतं. नव्या मिश्रणात जास्त आहे की जुन्यात?"

"नव्यात. किंचित."

मग त्यानं पाइप भरला, अंगठ्यानं दाबला, पेटवला. धूर छातीत न घेता तोंडातच घोळवून हळूच सोडला. "जिभेला गोड कळतं, चटका कळतो. बाकी नुसती भिंत."

वाऱ्यानं तो धूर माझ्याकडे आला. आमच्या घरी तंबाखू म्हणजे आजोबांची मशेरी. हे काही वेगळंच होतं — उबदार, थोडं गोडसर.

"माझ्याकडे काय बघताय?"

"चव बघतोय," तो म्हणाला. "तुमच्या चेहऱ्यावर येते ती."

मी बरणीचं झाकण उगीचच घट्ट लावत राहिले.

आठवड्याचे तीन आठवडे झाले. 'अहो हेमांगी'चं 'ए हेमांगी' झालं. भुईगावला घरी पोचले की आई सोनचाफ्याच्या कळ्या निवडताना मान वर करायची. "तुझ्या ओढणीला कसला वास येतो गं? जळका, गोडसर…"

"मसाल्याचा," मी म्हणायचे आणि ओढणी धुवायला टाकायचे. पण टाकण्याआधी एकदा हुंगायचे.

वासापेक्षा मला दुसऱ्याच गोष्टीची धास्ती वाटत होती. एक दिवस ती तोंडातून निघालीच. "नाक परत आलं, की तू इथे कशाला येशील?"

तो पाइप साफ करत होता. हात थांबला. "म्हणजे…?"

"काही नाही."

तो पुढे काहीच बोलला नाही. ते न बोलणं मी घरी घेऊन गेले आणि गौरी-गणपतीच्या सुट्टीतले चारही दिवस उराशी धरून बसले. त्याला मी हवी होते, की माझं नाक?

सुट्टीनंतर भेटला तेव्हा हातात एकच बरणी होती.

"हा माल मीच पास केला. तू नव्हतीस, हरेशभाई थांबेनात… बघ ना. ठीक आहे ना?"

मी झाकण उघडलं. पावसाळाभर बंद राहिलेल्या कपाटाचा कुबट वास आला. आपण चुकत असू, या आशेनं मी पुन्हा हुंगलं.

"बुरशी लागलीय, धवल."

"नीट बघ."

"दोनदा बघितलं."

"साठ खोकी आहेत. चार वाजता टेम्पो निघतोय." त्याचा आवाज बसला होता. "आता सांगितलं, तर विचारतील, काल का नाही कळलं."

"विचारतीलच."

"हेमांगी, हे एकच काम मला येतं."

"लोक ते तोंडात घेणार आहेत रे."

तो बरणी उचलून गेला.

त्या दुपारी मी धण्याची एकच गोणी तीनदा तपासली. तो गप्प बसला तर? मी जाऊन सांगायचं? त्याचं सगळं माझ्या हातानं मोडायचं? आणि नाही सांगितलं तर त्या साठ खोक्यांत माझंही खोटं भरलेलं असणार… खिडकीतून समोरचं फाटक दिसत होतं. पावणेचारला टेम्पोवर ताडपत्री चढली. दोर आवळले. इंजिन सुरू झालं. मी चपला घालून जिना उतरले, रस्त्यापर्यंत आले.

तेवढ्यात हरेशभाई बाहेर आले. पांढऱ्या शर्टातले म्हातारे गृहस्थ, हात वर केलेला. इंजिन थांबलं. दोर सुटले, एक खोकं खाली आलं. त्यांच्या मागे धवल मान खाली घालून भिजत उभा होता.

मी श्वास सोडला. लगेच दुसरी भीती आली — आता याचं काय होणार?

संध्याकाळी सहाला तो टपरीवर आला. मावशीनं न विचारताच दोघांपुढे चहा ठेवला.

"काढून टाकलं?"

"चव घेण्यावरून काढलं. खोकं फोडलं तर आत पांढरी जाळी होती. त्यावर काही बोलले नाहीत. म्हणाले, दोन महिने माझ्याशी खोटं बोललास, त्याचं काय?" त्यानं चहाचा घोट घेतला. "मग म्हणाले, उद्यापासून माल चढवायला ये. नाक आलं की बघू. आणि कुणाचं नाक वापरलंस, असं विचारलं. ते नाही सांगितलं मी."

"सांगायचं होतंस."

"सगळंच आज सांगायचं नव्हतं."

समोरून एक ट्रेलर धडधडत गेला.

"त्या दिवशी तू विचारलंस," तो म्हणाला, "आणि मी बोललो नाही. बोललो असतो, तर तुला वाटलं असतं, नाकासाठी बोलतोय. मलाही तसंच वाटलं असतं. आज… आज तुझ्या नाकाचा मला काही उपयोग नाही."

"छान. असं सांगतात का कुणाला?"

"मला हेच जमतंय." त्याचे कान लाल झाले होते. "तू आवडतेस मला. बरण्या नसल्या तरी."

इतके दिवस ज्या उत्तराची धास्ती घेतली, ते समोर आलं तर हे असं… साधं होतं.

"आणि वास आलाच नाही तर?" मी हळूच विचारलं.

"तर तू सांगत जा. आत्ता कसला येतोय?"

मी डोळे मिटले. "ओली ताडपत्री. डिझेल. मावशीच्या चहातलं आलं."

"आणि माझा?"

"इतक्या लांबून नाही येत."

तो बाकावर सरकला. थांबला. मग आणखी थोडा सरकला, माझ्या खांद्याला त्याचा ओला खांदा लागेपर्यंत. वास तर मला केव्हाच आला होता — साबणाचा, पावसाचा आणि दिवसभराच्या घामाचा. पण मी काही बोलले नाही. सांगून टाकलं असतं, तर तो परत आपल्या जागी जाऊन बसला असता.