वरचं वांगं किडकं

एस.टी. बंद पडली नसती, तर तो आमच्या खानावळीच्या पायरीवर कशाला आला असता! येरमाळ्याच्या स्टँडसमोर गाडीनं मान टाकली, सगळे उतारू लिंबाच्या सावलीला गेले आणि हा एकटाच वांग्यांची पाटी डोक्यावर घेऊन सरळ आमच्या दारात. उंच, सावळा, घामानं निथळलेला.

"धाराशिवचा बाजार तर हुकला. वांगी घेता का?"

"औषध मारलंय?" मी विचारलं.

त्याला वाटलं असेल, ही पोरगी भाव पाडायला बघतेय. पण मला खरंच भीती वाटत होती. बहात्तरच्या दुष्काळात आमच्या अव्वानं, माझ्या आईनं, स्वस्तातली ज्वारी घेतली होती. ती पेरणीसाठी औषध लावलेली निघाली. गिऱ्हाइकांना चांगल्या ज्वारीची भाकरी आणि स्वतःला ही धुऊन दळलेली, असे तिनं काही आठवडे काढले. जगली, पण तेव्हापासून तिचे हात थरथरतात. भाकरी थापता येत नाही. मी मोठी झाले तशी चूल माझ्याकडे आली आणि चुलीबरोबर ही भीतीही. म्हणून आमच्या खानावळीत आसपासच्या रानातलंच धान्य, भाजीही तिथलीच, शेणखतावरची, आणि ते रान मी डोळ्यांनी बघितलेलं असायचं. वाढण्याआधी पहिला घास मी खायचा. आप्पा म्हणायचे, "महानंदा, अशानं खानावळ चालत न्हाय." पण चालत होती!

"आमच्या रानात शेणाशिवाय काय पडत न्हाय," तो म्हणाला. "लई झालं तर राख."

"तोंडानं नका सांगू. खाऊन दावा."

"कच्चं?"

"मग काय, भरून वाढू?"

"वाढा की!" तो हसला... आणि माझ्याकडे बघत बघत त्यानं कच्च्या वांग्याचा लचका तोडला. तोंड जराही वाकडं केलं नाही.

"नाव काय म्हणालात?"

"अजून म्हणलोच न्हाय. पंचाक्षरी."

पुढच्या आठवड्यात आप्पांना घेऊन मी त्याचं रान बघून आले. डोंगराच्या कुशीतलं, विहिरीवरचं. त्याचा थोरला भाऊ बिराप्पा बांधावर कुरकुरत होता, "सोसायटी उधारीवर औषध देती, अन् हे शहाणं हातानं अळ्या येचतंय!"

मग रोज सकाळच्या गाडीनं पाटी यायला लागली. बब्रुवान कंडक्टर टपावरून ती उतरवून द्यायचा. पाटीत सगळ्यांत वर एक किडकं वांगं ठेवलेलं असायचं, आत जिवंत अळी. औषध मारलेलं नाही, याचा त्यानं धाडलेला पुरावा! लोकांना प्रेमात फुलं मिळतात, मला अळी मिळायची.

बाजारच्या दिवशी तो स्वतः यायचा. "कालची अळी आवडली का?"

"लई नाजूक होती. तुमच्यावर गेली नव्हती."

तो हसायचा आणि मी चुलीत उगाच फुंकर मारत बसायचे. पण माणूस आवडायला लागलं, की माझा जीव घाबरा होतो. गाडीला उशीर झाला, की वाटायचं — विहिरीत उतरला असेल, पाय घसरला असेल... रानात पान लागलं असेल, साप डसला असेल... त्याला यातलं काही सांगायची सोय नव्हती.

एकदा पाटीत किडकं वांगं आलंच नाही. सगळी वांगी कशी तुकतुकीत, एकालाही भोक नाही. विसरले वाटतं, म्हणून मी रुसले. रुसून रुसून भरीत केलं. पहिला घास घेतला, जरा कडवट लागला. तिखट घालावं का, असा विचार करत होते, तेवढ्यात बाहेर सायकल आदळली.

"वाढू नगा! वांगं कुणी खाऊ नगा!"

पंचाक्षरी दारात उभा होता. छाती भात्यासारखी चाललेली. बब्रुवान आणि बाकीची मंडळी आमटी-भाकरीवर थबकली.

"दादानं काल फवारा मारला. म्या कळंबला गेलो हुतो. वहिनीला ठाव नव्हतं, तिनं सकाळी तोडून धाडली." त्यानं सगळ्यांची ताटं बघितली. "कुणी खाल्लं तर न्हाय?"

मी भरताचं पातेलं खाली ठेवलं.

"मी..."

त्याचा चेहरा पांढराफटक पडला. आप्पा डॉक्टरांकडे धावले. अव्वानं मिठाचं पाणी पाजून मला ओकायला लावलं आणि पायरीवर बसवलं. भर उन्हात मला थंडी वाजत होती. मी माझे हात डोळ्यांसमोर धरले. थरथरत होते. भीतीनं की औषधानं, कळायला काही मार्ग नव्हता. आता आपलीही अव्वा होणार, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"महानंदा, काय होतंय तुला? बोल की गं..."

आजवर तो मला तुम्ही म्हणायचा. मी मुंडी हलवली.

तो उठला, आत गेला आणि भाकरीवर भरताचा गोळा घेऊन बाहेर आला. "तुला जे हुईल, ते मलाबी हुंदे."

घास ओठांपर्यंत गेला आणि माझ्या अंगात कुठून बळ आलं कोण जाणे. मी उठून त्याच्या हातावर असा फटका मारला, की भाकरी रस्त्यात जाऊन पडली.

"येड लागलंय का? तुमी मेलात तर मी लगीन कुणाशी करू?"

बब्रुवानचा घास हातातच राहिला. मी वळून बघते, तर मागे आप्पा उभे... आणि शेजारी डॉक्टर!

डॉक्टरांनी डोळे बघितले, जीभ बघितली, बराच वेळ नाडी धरली. "एकच घास होता, तोही ओकून पडला. संध्याकाळपर्यंत नजर ठेवा. नाडी मात्र लई जोरात आहे." मग पंचाक्षरीकडे बघून म्हणाले, "ती औषधानं नाही."

आप्पांनी भरीत खड्ड्यात पुरलं. मग दिवसभर ते चुलीपासून हलले नाहीत. पंचाक्षरीही हलला नाही. ऊन कललं, माझे हात शांत झाले, तेव्हा कुठं त्यानं श्वास सोडला.

"दादाकडं माझा वाटा येगळा मागतो," तो हळूच म्हणाला. "भांडण हुईल. हुंदे."

मग सायकल उचलताना त्यानं विचारलं, "आता तरी भीती गेली?"

"न्हाय," मी म्हणाले. "वाढली."

"मग... काय करायचं?"

मी आत बघितलं. आप्पा चुलीपाशी पाठमोरे बसले होते, पण त्यांचे कान इकडेच होते.

"काय करायचं म्हणजे? उद्या आप्पांना भेटायला या. सकाळच्या गाडीनं या. सायकलीवर नको... घाटात लई उतार हाय."