शिट्टी झाल्यावर

मोबाईल खिशात टाका आधी. त्या उजेडात तुमची तोंडं दिसतात, आणि तोंडं दिसली की मला थापा मारायची हुक्की येते. हं, आता ऐका. ही थाप नाही. ज्यांच्या बाबतीत घडलं ते मास्तर माझे दोस्त, आणि शेवटचं जे आहे ते मी याच डोळ्यांनी पाहिलंय.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत रे. वणवा लागला तर काय करायचं, याचं ट्रेनिंग ते गावोगाव फिरून द्यायचे. गळ्यात कायम शिट्टी, म्हणून आम्ही त्यांना शिट्टीमास्तर म्हणायचो. त्यांचे पाठीवरचे पाण्याचे पंप दुरुस्तीला माझ्याच गॅरेजात यायचे. माणूस इतका शिस्तीचा, की चहाचा शेवटचा घोट स्वतः न पिता विझलेल्या विडीवर ओतणार. विडी दुसऱ्याची असली तरी!

तर मार्चमधला शेवटचा शनिवार. संध्याकाळी मास्तर पंप न्यायला आले. दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरापलीकडच्या गावात ट्रेनिंग होतं. त्याआधी जवळजवळ वर्षभर त्यांनी कुठे शिकवलं नव्हतं. वरून हुकूम आला, म्हणून निघाले होते. एका पंपाचा वायसर गेला होता, तो बसवेपर्यंत दहा वाजून गेले. मी म्हटलं, "मास्तर, इथंच टेका पाठ. पहाटे निघा."

"नको," ते म्हणाले. "उजेडात तो रस्ता मला बघवत नाही."

का बघवत नाही, ते सांगतो. चढाच्या मध्यावर एक सपाट माळ आहे, कडेनं झाडं. त्याच्या आदल्या वर्षीच्या थंडीत मास्तरांनी वरच्या वस्तीतल्या लोकांचं ट्रेनिंग तिथंच घेतलं होतं. मुद्दाम गवत पेटवून दाखवलं, विझवून दाखवलं. मग सांगितलं, "आगीनं घेरलं तर सैरावैरा पळू नका. जे जळून गेलंय ते परत जळत नाही. काळ्यात जाऊन बसा. आगीकडे पाठ, तोंडावर ओलं फडकं. मी शिट्टी मारेपर्यंत कुणी उठायचं नाही."

सगळे त्या काळ्या जागेत बसले. खिदळत होते. सगळ्यात पुढे मास्तरांची थोरली बहीण. आई गेल्यावर तिनंच यांना वाढवलेलं. ती म्हणाली, "लहानपणी मी याला कान धरून बसवायची, आता हा मला बसवतोय!"

मग त्याच्या पुढच्याच उन्हाळ्यात खरा वणवा आला. ताई आणि वस्तीतले आणखी चौघं वर अडकले. कुठे गेले असतील? शिकवलं होतं तिथंच. काळ्यात. पण अरे, ते काळं थंडीतलं होतं ना! मधल्या महिन्यांत झाडांची पानं झडून तिथं गुडघाभर पाचोळा साचला होता. बसायच्या आधी पाचोळा सारायचा, माती उघडी करायची, हे मास्तरांनी सांगितलंच नव्हतं. ट्रेनिंगच्या दिवशी तिथं एक पानसुद्धा नव्हतं, मग सुचणार कसं? आणि लोकांच्या डोक्यात एवढंच बसलं, की काळं म्हणजे ती जागा.

मास्तर खालच्या अंगाला धुरात अडकले होते. शिट्टी मारायची वेळच आली नाही. दुसऱ्या दिवशी पाचही जण सापडले. बसल्या जागी. आगीकडे पाठ करून. एकही जण उठला नव्हता.

...कोण हसलं? नाही? बरं. पाय घे रे वर, पायरीवर सोडून बसू नकोस.

अकराच्या सुमाराला मास्तरांची पिकअप त्या माळाजवळ आली. वारा पडलेला. आधी वास आला म्हणाले. जळका नव्हे. ओल्या फडक्याचा.

त्यांनी ब्रेक मारला. दिवे माळावर पडले.

माणसं बसली होती. पाच. दिव्यांकडे पाठ करून.

मास्तर खाली उतरले. मला नंतर म्हणाले, "भीती नाही वाटली रे. बरं वाटलं. वाटलं, शिट्टी झाली नाही म्हणून बसून राहिलेत बिचारे. आता मारतो, म्हणजे सुटतील." वर्षभर त्या माणसाच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. त्याला दुसरं काही नको होतं. ताई सुटायला हवी होती, बस.

शिट्टी तोंडात धरली. फुंकच निघेना.

पुन्हा.

वाजली.

पाचही जण उठले. सावकाश... गुडघ्यांवर हात टेकत. ताई वळली. फडकं तोंडावर तसंच.

"शिट्टी झाली का रे?"

"झाली, ताई."

"मग आता कुठं जायचं?"



ट्रेनिंगमध्ये शिट्टी झाली की सगळे घरी जायचे. घरं... घरं त्याच वणव्यात गेली होती. वरच्या वस्तीत एक भिंत उभी नाही.

"सांग की. कुठं जायचं?"

...

बाकीचे चौघंही बघत होते. मास्तरांकडे. सांगतील ते करायला तयार. ट्रेनिंगला बघायचे तसेच.

मास्तरांचं बोट वर वस्तीकडे उठलं, आणि तसंच खाली आलं.

"राहू दे," ताई म्हणाली. रागानं नव्हे. लहानपणी पाढा अडला की म्हणायची तसं. आणि खाली बसली. मग दुसरा... तिसरा...

सगळे. दिव्यांकडे पाठ करून.

मास्तर गाडी तिथंच टाकून, उतारावरून धडपडत माझ्या दारात आले. ढोपरं फुटलेली. सगळं सांगितलं, आणि मग भिंतीकडे तोंड करून लहान मुलासारखे रडले. मी काय समजूत घालणार?

उजाडल्यावर दोघं गेलो. पिकअपची बॅटरी उतरलेली. माळावर कुणी नाही. नुसता पाचोळा, पुन्हा गुडघाभर. आणि मधोमध एक जागा मोकळी.

पाचोळा चारी बाजूंनी सारलेला. थेट मातीपर्यंत. दाताळ्यानं नव्हे, बोटांनी. मातीत बोटांचे ओरखडे उमटले होते. जागा पाच जणांची नव्हे, आणखी एकाच माणसाला बसता येईल एवढी.

मास्तर त्या ओरखड्यांपाशी उकिडवे बसले. मग हळूच म्हणाले, "हे मी शिकवलंच नव्हतं."

पलीकडच्या गावात ट्रेनिंग झालंच नाही. पुढेही शिकवायला कुणी गेलं नाही. तिथल्या लोकांना आजही काही ठाऊक नाही, आणि डोंगर तर दरवर्षी पेटतोच. मास्तर आता कुणाशी बोलत नाहीत.

मी त्या रस्त्यानं जातो कधीमधी. दिवसाच जातो. दर उन्हाळ्यात झाडं झडतात, सगळा माळ पाचोळ्यानं भरतो.

त्या जागेवर पान पडत नाही.