सहाला दोन मिनिटं कमी

आयली अहोलाकडे त्या दिवशी मी गेले ती एका कागदावर सही घ्यायला. मार्चचा तिसरा आठवडा, संध्याकाळचे साडेपाच, आणि बर्फावर लख्ख ऊन. हे आधीच सांगून ठेवते, कारण लोक पहिला प्रश्न हाच विचारतात, अंधार होता का? नव्हता. सगळं स्वच्छ दिसत होतं.

माझी नोकरी सत्तावीस वर्षांची. शिक्षा संपायच्या आधी पॅरोलवर, म्हणजे अटी घालून सोडलेल्या माणसांवर नजर ठेवायची. कोण कुठे कामाला जातो, पितो का, ठरल्या वेळेला घरात असतो का. मिशिगनच्या या उत्तरेकडच्या टोकाला माणसं थोडी आणि रस्ते लांब, त्यामुळे निम्मं आयुष्य गाडीत गेलं. ऑफिसर पेलकी म्हणजे कडक, अशी माझी ख्याती होती, आणि खोटं कशाला बोलू, मला त्याचा अभिमान होता.

आयलीचा मुलगा रॉडनी तीन वर्षं माझ्याकडे होता. तरुणपणी दारू पिऊन गाडी चालवताना त्याच्या हातून एक माणूस मेला. तेरा वर्षं तुरुंगात काढून तो आईबापांकडे परतला तेव्हा त्याच्या घोट्यावर पट्टा चढला होता. पट्ट्याला काळी डबी, आणि तो कुठे आहे ते माझ्या फोनवर ठिपक्याने दिसायचं. संध्याकाळी सहाच्या आत घरात, ही अट. पहिल्याच हिवाळ्यात त्याची गाडी बर्फात रुतली आणि तो अकरा मिनिटं उशिरा पोचला.

"मॅडम, बाबा अंथरुणावर आहेत. एवढ्या वेळेला सोडा," तो म्हणाला होता.

मी सोडलं नाही. साठ दिवस परत आत पाठवलं, आणि एकेचाळिसाव्या दिवशी त्याचा बाप गेला. त्यानंतर रॉडनी रोज पाच अठ्ठावन्नला उंबरा ओलांडायचा. सहाला दोन मिनिटं कमी, एक दिवस चुकला नाही. फोनवर तो ठिपका पाहताना मला लाज वाटायची. पण त्याला तसं बोलून दाखवायचं मात्र राहून गेलं.

शिक्षा संपायला बावीस दिवस होते तेव्हा अहोलांच्या शेजारचा वर्न केतोला घरांसमोरच्या गोठलेल्या तळ्यावरचं आपलं मासेमारीचं खोपटं ओढून आणायला गेला. बर्फ पोकळ झाला होता, वर्न आत पडला. रॉडनीने काठावरून पाहिलं, पोटावर सरपटत गेला, आणि फळी घालून त्याला बाहेर काढलं. पुढचं मला वर्नने दवाखान्यातल्या खाटेवर सांगितलं.

"मला वर ढकललं ना, तर त्याने आधी मनगटावरचं घड्याळ बघितलं, पेलकी. म्हणाला, 'वर्न, सहा वाजत आले…' आणि त्याच्या खालचा बर्फच गेला. मी हात घातला होता गं. हाताला काहीच लागलं नाही."

पाणबुडे दोन दिवस शोधत होते. सापडला नाही. माझ्या फोनवर ठिपका पाच एकेचाळीसला तळ्याच्या मध्यावर थांबला होता.

पाच अठ्ठावन्नला तो आईच्या घरात होता.

दुसऱ्या दिवशीही तेच. दिवसभर तळ्यात, पाच अठ्ठावन्नला घरात. पोलिसांनी घर, गोठा, सौनाची म्हणजे वाफेच्या अंघोळीची खोली, सगळं पालथं घातलं. कोणी नाही. माझा साहेब डटमर म्हणाला, "गडी बुडालाबिडाला काही नाही. म्हातारीने लपवलाय. तो इथे राहत नाही असं तिच्याकडून लिहून घे आणि फरार म्हणून वॉरंट काढ." वॉरंट निघालं की शिक्षेचे दिवस तिथेच थांबतात. मेलेला असला तरी रॉडनी कागदावर कायमचा कैदीच राहिला असता.

म्हणून चौथ्या दिवशी मी तिथे गेले.

"ये, ऑफिसरबाई," आयली दारातच म्हणाली. "आज काय, भट्टीत डोकावायचंय?"

ऐंशीच्या घरातली बाई, पाठ ताठ. टेबलावर दोन ताटं होती, दोन्हींत मांस-बटाट्याच्या गरम पॅस्ट्या. रिकाम्या खुर्चीपाशी पट्टा चार्ज करायची वायर जमिनीवर पडली होती, तिच्या टोकाला बारीक हिरवा दिवा. पट्टा रोज दोन तास चार्ज केला नाही तर दुसऱ्या दिवशी बंद पडतो. चार दिवस तो चालू होता.

मी कागद पुढे केला.

"तो इथे राहत नाही असं मी कसं लिहू?" ती म्हणाली. "बस. आत्ता येईल."

मी बसले. ओव्हनचा टकटक आवाज येत होता. खिडकीतून तळं दिसत होतं, पांढरं, रिकामं. फोन थरथरला. पाच अठ्ठावन्न. ठिपका घरात आला होता.

दार उघडलं नव्हतं. पण खोलीत वास आला, थंड पाण्याचा, चिखलाचा, कुजलेल्या वेलींचा. वायरच्या टोकाचा हिरवा दिवा लाल झाला, पट्टा लावल्यावर होतो तसा. ते टोक आता जमिनीपासून चार बोटं वर होतं… घोट्याच्या उंचीवर.

आमच्या फोनमध्ये एक बटण असतं. दाबलं की पट्टा थरथरतो, माणसाला कळतं की ऑफिसर बोलावतेय. मी ते दाबलं.

खुर्चीखाली घरघर झाली. लाकडी जमिनीतून ती माझ्या तळपायाला लागली. मी पुन्हा दाबलं. पुन्हा घरघर… आणि खुर्चीखालच्या फळीवर पाण्याचा एक थेंब पडला. मग दुसरा.

"घाबरलीस?" आयलीने हळूच विचारलं.

"हो."

"मी नाही. माझा आहे तो. सारखं बटण नको दाबूस. दमून आलाय."

पण ती नुसती भीती नव्हती. लहानपणी चर्चमध्ये सगळे एकदम उठून उभे राहायचे तेव्हा वाटायचं तसं काहीतरी वाटत होतं. बर्फाखालून उठून हा माणूस वेळ पाळायला येत होता. माझ्यामुळे.

"अठरा दिवस राहिलेत," आयली म्हणाली. "तेवढे भरू दे त्याला. मग सुटकेचा कागद दे. बाकी मला तुझ्याकडून काही नको."

तो फॉर्म मी तिथेच फाडला. अहवालात लिहिलं, रोज वेळेत घरी, अटींचं पालन चोख. डटमर भडकला तेव्हा म्हटलं, एकदा स्वतः येऊन बटण दाबा. तो आला. एकदाच दाबलं. जाताना टोपी विसरून गेला, आणि सुटकेच्या कागदावर काही न विचारता सही केली.

शेवटच्या दिवशी मी कागद आणि कात्री घेऊन गेले. नियम असा की कागद माणसासमोर मोठ्याने वाचायचा आणि पट्टा कापायचा. पाच अठ्ठावन्नला दिवा लाल झाला, तेव्हा खुर्चीसमोर उभी राहून मी वाचला. तुमची शिक्षा पूर्ण झाली आहे, इथपर्यंत वाचून कागद खाली केला.

"रॉडनी," मी म्हणाले, "त्या अकरा मिनिटांचं… माझं चुकलं."

दिवा हिरवा झाला. वायर जमिनीवर पडली, तिच्याशेजारी पट्टा पडला होता, ओला. कात्री माझ्या हातातच होती. पट्टा कापलेला नव्हता. कडं बंद होतं, टाचेतून निघणार नाही इतकं घट्ट.

मेमध्ये तळं मोकळं झालं तेव्हा रॉडनी सापडला. पायात पट्टा नव्हता. बापाच्या शेजारी पुरला त्याला, आणि आयलीने सुटकेचा कागद शवपेटीत ठेवला.

जूनमध्ये तिला भेटायला गेले. सात वाजून गेले होते, बाहेर ऊन होतं. वेलची घातलेला पाव कापून तिने मला कॉफी दिली. टेबलावर दोन ताटं झाकून ठेवलेली होती.

"अजून जेवला नाहीत?" मी विचारलं.

"त्याच्यासाठी थांबलेय," ती जराशा रागानेच म्हणाली. "आता सहाचं बंधन राहिलं नाही ना त्याला. हल्ली उशिरा येतो."

मी कॉफी संपवली. निघताना दार नुसतं लोटून घेतलं.