चढावर सुटलेली व्हॅन

कुंदनच्या आधी त्याच्या व्हॅनचा आवाज गल्लीत आला.

वर्षाने हातातला पाना तसाच धरून मान वर केली. ही गाडी ती डोळे मिटून ओळखायची. हॉर्न वाजायच्या आधी ओढणी सारखी करण्याइतका वेळ तिला नेहमी मिळायचा. पण आज गाडीचा गळा बसला होता. खर्र... खर्र... पत्र्याच्या डब्यात खडे घालून कुणी हलवावेत तसं.

बमरोलीच्या त्या गल्लीत सुकलालचं गॅरेज होतं. तरुणपणी सुकलाल कापडाच्या लूमवर कामाला होता, आणि त्याचे कान त्या खडखडाटातच गेले. म्हणून गॅरेज बापाचं असलं तरी इंजिन ऐकायचं काम लेकीचं. तो बाहेर स्टुलावर बसून टायर बघायचा, आत वर्षा.

कुंदन उतरला. हातात हुरड्याच्या पोंकवड्यांचा गरम पुडा होता, पण चेहरा मात्र पडलेला.

"काय झालं?" वर्षाने विचारलं.

"काही नाही... उभी होती, मागे गेली. वाळूच्या ढिगाला टेकली म्हणून वाचली. तेव्हापासून असा आवाज करतेय."

"उभी गाडी आपोआप मागे जाते?"

"चढावर होती."

"आणि हँडब्रेक?"

कुंदनने मान खाजवली. "राहिला असेल."

वर्षाने त्याच्याकडे नीट पाहिलं. हा माणूस सपाट गल्लीतसुद्धा चाकामागे वीट लावायचा. गाडी आहे की बैल, दावं बांधतोस ते, असं ती त्याला चिडवायची. आणि हा हँडब्रेक विसरला?

तिने आधी इंजिनचा पट्टा उतरवला. "स्टार्ट कर." खर्र... खर्र... आवाज तोच. पट्टा नव्हे. आता इंजिनच बघायला हवं, आणि या व्हॅनचं इंजिन ड्रायव्हरच्या सीटखाली. ती सीट उचलायला वाकली आणि तिथेच थांबली.

सीट पार स्टिअरिंगपर्यंत पुढे ओढलेली होती. कुंदनचे पाय लांबलचक, तो सीट कायम मागे ठेवायचा. आज गुडघे पोटाशी घेऊन तसाच चालवत आला असणार. सीटवर साडीच्या कटपीसची शिवलेली उशी होती. त्या उशीवर, सीटवर, गिअरच्या मुठीवरसुद्धा बारीक सोनेरी चमक्या सांडल्या होत्या. साड्यांवर चिकटवतात त्या.

"साड्यांच्या आहेत," कुंदन घाईने म्हणाला. "साड्या बांधलेल्या पोटल्या आणतो ना मी, मार्केटसाठी..."

"पोटल्या मागे असतात. या पुढे आहेत." तिच्या तेलकट तळव्याला चमक्या चिकटल्या. तिने त्या चिंधीला पुसल्या, जरा जास्तच जोरात. "उशी कुणाची?"

"आवाजाशी उशीचा काय संबंध?"

"इंजिन उशीच्या खाली आहे."

कुंदन पोंकवड्यांचा पुडा उघडायला लागला.

घरी आई रोज विचारत होती, शहाद्याच्या मुलाला रविवारी बघायला बोलावू का? वर्षा रोज म्हणत होती, उद्या सांगते. या माणसाच्या तोंडून एक शब्द निघेल, या आशेवर ती दिवस ढकलत होती. आणि हा कुणाला तरी आपल्या सीटवर उशी घालून बसवत होता.

आज संध्याकाळीच आईला हो म्हणून टाकायचं, तिने मनात ठरवलं. मग सीट उचलली, लांब पेचकस घेतला, टोक इंजिनच्या पुढच्या झाकणावर टेकवलं आणि मूठ कानाला लावली.

"मी विचारते तेवढं खरं सांग. गाडीचं तोंड चढाकडे होतं?"

"हो."

"गिअर?"

"...पहिला."

"मग बरोबर. पहिल्या गिअरमध्ये गाडी मागे घसरली, म्हणजे इंजिन उलटं फिरलं. टायमिंग चेन ढिली झाली, एखादा दात सोडून बसलीय. तीच आत घासतेय." तिने कान हलवला नाही. "आता दुसरं. गिअर तसाच ठेवून तू गाडी कधी सोडत नाहीस. म्हणजे ती बंद पडली होती. क्लच झटक्यात सोडला की पडते. नवशिका सोडतो तसा."

"वर्षा..."

"चालवत कोण होतं?"

कुंदनने खिडकीतून हात घालून चावी फिरवली. इंजिन थांबलं. "पल्लवी."

भेस्तानची पल्लवी. साड्यांवर स्टोन लावणारी. वर्षाने तिला एकदाच पाहिलं होतं, याच व्हॅनमधून पोटली उतरवताना. लांब वेणी, नखांना गुलाबी पॉलिश. त्या दिवशी घरी जाऊन वर्षाने आपली नखं साबणाने घासघासून लाल केली होती. काळी रेघ मात्र गेली नव्हती.

"गाडी शिकायची म्हणाली. शिकवत होतो."

"कुठं?"

"तापीच्या काठी, पाळ्याच्या बांधावर. सकाळी रस्ता मोकळा असतो."

"हो. आणि वारा पण छान असतो तिथं."

बाहेरून सुकलालने हाक दिली, "काय सापडनं का व, वर्षा?"

"सापडतंय, बाबा," ती मोठ्याने म्हणाली. मग हळू आवाजात, दात आवळून, "तिने हँडब्रेक का नाही ओढला? पहिल्या दिवशी तेच शिकवतात. का तुम्ही दुसरंच काही शिकत होता?"

"घाईत उतरली."

"कसली घाई?"

"रडत होती."

वर्षाने मान वर केली नाही. तोंड लपवायला दुसरी जागाच नव्हती. "का?"

"तिच्या घरी तिचं लग्न ठरवतायत. चढावर गाडी बंद पडली, तशीच बसून राहिली... आणि म्हणाली, तू घरी येऊन बोलशील का."

"मग?"

"मी नाही म्हटलं. ती म्हणाली, का? मी म्हटलं... बमरोलीत एक जण आहे. मग दार उघडून उतरली. मी तिच्यामागे उतरलो, आणि आमच्यामागे गाडी."

वर्षाने पेचकसाची मूठ कानाला आणखी घट्ट दाबली. मग म्हणाली, "बमरोलीत लाखभर माणसं राहतात."

"राहतात की. त्यातली एक आत्ता बंद इंजिनला कान लावून बसलीय."

वर्षाने पेचकस खाली ठेवला. गाल तापले होते, हसू येत होतं आणि त्याहून जास्त राग. "मला सांगायला जमलं नाही, आणि तिला बरं सांगितलंस आधी."

"तिने विचारलं. तू कधी विचारलंस?"

"मी का विचारू?"

"आत्ता काय चाललंय मग? आल्यापासून पोलीस चौकीत बसल्यासारखं वाटतंय मला."

आता मात्र ती हसली. तेवढ्यात डोळ्यांसमोर तिला रडत पाळा उतरणारी ती मुलगी दिसली, वेणी पुढे घेऊन डोळे पुसणारी. आपणही रविवारी तशाच कुठेतरी बसून डोळे पुसले असते.

"तिला तिथेच सोडलंस?"

"रिक्षात बसवून दिलं. म्हणाली, आता नाही शिकायची."

"शिकेल. मी शिकवीन तिला."

"तू?"

"हो, मी. तू नाही. तू पाळ्यावर दिसायचं पण नाही."

"आणि मला वारा खायचा असला तर?"

"माझ्यासोबत यायचं. शेजारच्या सीटवर बसायचं." मग तिने अगदी सहज सांगितल्यासारखं सांगितलं, "रविवारी शहाद्याचा मुलगा येतोय. मला बघायला."

पोंकवड्याचा घास कुंदनच्या तोंडातच राहिला. "काय करतो?"

"बँकेत आहे."

"उंच आहे?"

"आवाजाशी उंचीचा काय संबंध?"

"वर्षा, खरं सांग."

त्याचं तोंड बघून तिला इतकं बरं वाटलं की आणखी थोडं ताणावं असं वाटलं. पण त्याने पुडा बाजूला ठेवला होता, आणि हात कुठे ठेवावेत हे त्याला कळत नव्हतं. तिने मोबाईल काढून नंबर लावला.

"आई, रविवारचं नाही म्हणून कळव त्यांना... कारण ना? कारण इथंच उभंय. बोल त्याच्याशी."

आणि तिने फोन त्याच्या हातात दिला.

कुंदनने फोन दोन्ही हातांनी धरला, एकदा बाहेर सुकलालकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. वर्षाने सीट धरून मान खाली घातली, पण कान इकडेच होते.

"नमस्कार, काकू... कुंदन बोलतोय... हो, गाडी आणलीय... नाही, काकू, गाडीचं नाही. दुसरं काम आहे."