सातव्या वळणावर गिअर कोणी बदलला?

विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका, पण यातला एकही शब्द पदरचा नाही.

गेल्या थंडीतली गोष्ट. गुरुवार होता. सकाळचे साडेसहा, घाटात दाट धुकं.

ट्रक चालवत होता थेंब्या. डिझेलचा थेंब न थेंब वाचवायचा, म्हणून हे नाव. चढाच्या आधीच गिअर टाकायचा, उगाच रेस करायची नाही. थंडीत इंजिन जरा गरम झालं की हळूहळू निघायचं, तासभर घरघरत ठेवायचं नाही. डेपोच्या फळ्यावर अ‍ॅव्हरेजमध्ये कायम पहिला.

पण त्याची एक युक्ती फळ्यावर लिहिण्यासारखी नव्हती.

उतार लागला की तो इंजिन बंद करून न्यूट्रलवर गाडी सोडायचा.

ही युक्ती त्याने एकट्या धाकट्या भावाला शिकवली. दोन वर्षांपूर्वी याच उतारावर धाकटा गेला. इंजिन बंद, म्हणजे ब्रेकची हवा भरणं बंद. जुनी गाडी, धुक्याने ओला रस्ता... सातव्या वळणावर हवा संपली, ब्रेक लागले नाहीत, गाडी दरीत गेली.

थेंब्या मागच्याच गाडीत होता. दरीत तोच आधी उतरला. भावाचा हात हातात घेण्याआधी त्याने काय केलं असेल?

चावी फिरवून चालूवर आणली. गिअर तिसऱ्यात टाकला.

इंजिन चालूवर, गाडी गिअरमध्ये; म्हणून पोलिसांनी लिहिलं, चालकाला डुलकी लागली. आपलं नाव राखायला थेंब्याने मेलेल्या भावाला झोपाळू ठरवलं.

तेव्हापासून तो उतारावर तिसरा गिअर सोडत नसे. त्या गुरुवारीही तिसराच होता.

पहिलं वळण गेलं. दुसरं गेलं.

मग... इंजिनचा आवाज थांबला.

त्याने चावी फिरवली. काहीच नाही. गिअरचा दांडा हलला... आपोआप न्यूट्रलमध्ये आला.

ब्रेकच्या हवेच्या काट्याने खाली यायला सुरुवात केली.

थेंब्याचा पाय ब्रेकवर नव्हता. तरी पेडल खाली गेलं, हवा सुटली. फुस्स...

पुन्हा. फुस्स...

गाडी मात्र सुसाट सुटली नाही. एकेक वळण जपून घेत होती. धाकटा घ्यायचा तशीच.

सातव्या वळणावर ती थांबली.

"माफ कर रे," थेंब्या म्हणाला. त्याला रडू फुटलं होतं.

चावी टक् करून फिरली. दांडा सरकला... तिसऱ्यात.

डेपोत डिझेल मोजायला टाकीत पट्टी घातली, तर टाकी निघताना होती तशीच काठोकाठ भरलेली. सुपरवायझर हसला. "थेंब्या, ढकलत आणलीस की काय?" खडूने फळ्यावर पुन्हा त्याचंच नाव वर गेलं. थेंब्याला ते बघवलं नाही.

ट्रक अंगणात लावून तो घरात गेला. आज आईला सगळं सांगायचं, असं वाटेत ठरवलं होतं.

आईने रोजचंच विचारलं, "माझं लेकरू स्टिअरिंगवर झोपणारं नव्हतं रे. खरंच डुलकी लागली होती का त्याला?"

थेंब्या म्हणाला, "हो आई. लागली होती."

बाहेर अंगणात... फुस्स...

ट्रकची चावी त्याच्या मुठीत होती.

तेव्हापासून रोज रात्री तो गाडी गिअरमध्ये टाकून, केबिनला कुलूप लावून, चावी उशाखाली घेऊन झोपतो. रोज सकाळी दांडा न्यूट्रलला असतो.

हे त्याने कुणाला कळू दिलं नव्हतं. पण आई ड्रायव्हरची बायको. निम्मा जन्म तिचा नवऱ्याच्या गाडीत गेला. उतारावरचं न्यूट्रल तिला नवं नव्हतं.

महिन्यापूर्वी एका सकाळी थेंब्या उठला तर उशाखाली चावी नव्हती. आई केबिनमध्ये बसली होती, न्यूट्रलला आलेल्या दांड्यावर हात ठेवून.

त्याला बघून शांतपणे म्हणाली, "थोरल्या... गिअर कोणी बदलला रे?"

थेंब्याने अजून उत्तर दिलेलं नाही. आई रोज तेवढंच विचारते. डुलकीचं मात्र तिने पुन्हा कधी काढलं नाही.