पाठमोरी हाक

मगदुमांच्या कुकरची शिटी त्या महिन्यात कपाटात गेली होती आणि वरण उघड्या पातेल्यात शिजत होतं. दारावरची घंटी काढली होती. पितळी भांडी फडक्यांत गुंडाळून माळ्यावर ठेवली होती. कुरुंदवाडचं ते घर दुपारी इतकं संथ चालायचं, की सगळे नदीच्या पाण्याखालून वावरताहेत असं वाटावं. कारण एकच. आठ वर्षांच्या चंदनाला ऐकू यायला लागलं होतं!

तिचा आजार लाखांत एखाद्याला होणारा. शरीरातल्या पेशींना क्षार ये-जा करायला बारीक वाटा असतात. त्यातली एक वाट कानाच्या आत लागते, तीच हृदयातही लागते. ती घडवणारं जनुक आई आणि वडील दोघांकडूनही बिघडलेलं आलं, तर मूल जन्मतः बहिरं होतं आणि दचकलं की त्याच्या हृदयाचा ताल चुकतो. चंदनाचे वडील भरतेश हे तिच्या आईच्या, त्रिशलाच्या, सख्ख्या मामाचे चिरंजीव. त्यांच्याकडे असं लग्न पाळण्यातच ठरल्यासारखं असतं. दोघंही धडधाकट, मग कळणार कसं?

दुरुस्त जनुक कानात सोडणारे ‘श्रवणथेंब’ आता निघाले होते. हृदयासाठीचं औषध मात्र अजून प्रयोगशाळेतच होतं.

“दोन्ही एकदम नाही का करता येणार?” थेंब घालायच्या आधी त्रिशलाने विचारलं होतं.

“त्याला दहा वर्षं लागतील,” डॉ. प्रभुदेसाई म्हणाल्या. “तोवर तिच्या मेंदूचं आवाज शिकायचं वय निघून जाईल. पण एक सांगते, आजवर तिला आवाजाची भीती नव्हती, आता आहे. पहिले काही महिने समोरून बोला, हळू बोला.”

त्यांनी चंदनाच्या छातीवर एक पातळ तालपट्टी चिकटवली. ताल बिघडला की ती विजेचा धक्का देऊन हृदयाला ताळ्यावर आणायची. बहुतेक वेळा, असंही डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितलं.

पोरगी नुसती तरंगत होती. माठाला कान लावून बसायची, केरसुणीमागे फिरायची. एकदा जेवताना तिने हातांच्या खुणांनी तक्रार केली, ‘पापड वाजतो हे मला कुणी सांगितलंच नाही!’ भरतेश हसता हसता रडले.

पण त्रिशलाची एक सवय घरात कुणालाच ठाऊक नव्हती. चंदना पाठमोरी असली की ती तिला हाक मारायची. चांगली मोकळ्या गळ्याने, चारचौघींसारखी. लेक वळणार नाही हे माहीत असूनही रोज, आठ वर्षं. तेवढंच बरं वाटायचं तिला. बाईने घरातला चमचान् चमचा गुंडाळला, पण ही हाक तिने आवाजात धरलीच नव्हती.

थेंब घातल्यापासून पंधरा दिवस चंदना सतत आईसमोरच असायची; सोळाव्या दिवशी ती अंगणात जास्वंदीपाशी पाठमोरी, उकिडवी बसली होती. त्रिशला दोरीवरचे कपडे काढत होती.

“चंदूऽऽ!”

चंदना वळली. जन्मात पहिल्यांदा आपल्या नावाला वळली. क्षणभर तिचा चेहरा फुलला, मग पांढरा पडला आणि ती कोसळली. पट्टीचा पहिला धक्का वाया गेला. दुसऱ्याने श्वास आला.

“माझ्या तोंडाला आग लागो!” दवाखान्यात त्रिशला कपाळ बडवून घेत होती.

“थेंबांचा परिणाम पुसणारं औषध आहे,” डॉक्टर म्हणाल्या. “पण मग ऐकणं कायमचं जाईल. परवापर्यंत ठरवा.”

“पुसून टाका,” भरतेश म्हणाले. “पोर राहिली की सगळं मिळालं.”

दुसऱ्या दिवशी चंदना घरी आली. अंथरुणात बसूनच तिने खुणेने विचारलं, ‘तो कसला आवाज होता?’

‘तुझं नाव,’ त्रिशलाने बोटांनी सांगितलं. ‘मी रोज हाक मारायची.’

‘मी बहिरी होते तेव्हाही?’

त्रिशलाने होकारार्थी मान हलवली. चंदनाची बोटं लगेच हलली.

‘मग परत मार. काल मला माहीत नव्हतं. आता माहीत आहे.’

असं म्हणून ती आईकडे पाठ करून, मांडी घालून बसली. दारात उभे असलेले भरतेश जोरजोरात ‘नको, नको’ अशी मान हलवत होते. त्रिशलाला ते दिसत होते, आणि वाट बघत ताठ बसलेली ती इवलीशी पाठही दिसत होती.

त्रिशलाने श्वास घेतला. वाट पाहून ऐकलेली हाक काळजाला दचकवते, की सावरते?